बाराच्या घरात सहा

आमच्या सरांना रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. "किती जण?" असं विचारत. लग्नाला निघालेली जीप असो की आठवडी बाजारातून परतणाऱ्या बाया असोत, त्यांचा पहिला प्रश्न तोच.

"अकरा हाओत, सर."

"बढिया! अकराची फूट पडत नाही. जा बिनधास्त."

पण चुकून कोणी बारा म्हटलं की संपलं. सरांचा चेहरा उजळायचा, मोटरसायकल स्टँडवर लागायची. "बारा? बाराचे लय खेळ हायेत, बाप्पा! उतरा खाली, दाखवतो." केनवडच्या फाट्यावर त्यांनी एकदा एक वरात अशी अडवली, की नवरदेव मांडवात पोचला तोवर नवरीच्या हातची मेंदी उडून गेली होती.

हे मी थोडं वाढवून सांगतोय. ती माझी जुनी खोड आहे, आणि माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. पण सरांच्या गोष्टीत एक भाग असा येतो, की तिथं माझी जीभ आपोआप सरळ चालायला लागते. तो आला की तुम्हाला कळेलच.

सर वाशीमच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. राहायचे केनवडला, यायचे मोटरसायकलवर. त्या गाडीचा आवाज आणि सरांचा आवाज यांत फरक एवढाच, की गाडीला ब्रेक होते. वर्गात त्यांनी "समजा" म्हटलं की खाली सायकल स्टँडमधल्या सायकली एका बाजूला कलायच्या. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेले आम्ही नऊ जण होतो. नऊ हा आकडा सरांना फार आवडायचा नाही. "नवात नुसते तिघांचे घर निघते," म्हणायचे, "दुसरी काही गंमत नाही."

हे घर म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर सर कळायचे नाहीत.

गणितात 'गट' म्हणून एक चीज असते. सरांच्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्याइतकं सोपं मी पुढं कुठंच ऐकलं नाही. "पाह्य. ढीग वेगळा, गट वेगळा. ढिगात कोणीबी पडून राह्यते. गट म्हंजे घर. घरातले कोणतेबी दोघं एकत्र आले, तर त्याच्यातून जो तिसरा निघन तो त्याच घरचा पाह्यजे. बाहेरचा निघाला की घर मोडलं. आन मोठ्या घरात असं एखादं लहान घर निघालं, की ज्यातले लोक आपसात कितीबी मिसळले तरी बाहेर जात नाहीत, त्याले म्हणा उपगट."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट. घड्याळाचे बारा तास म्हणजे बाराचं घर. दोन-दोन तासांच्या उड्या मारत चाला, पाय फक्त सहाच ठिकाणी पडतात. सहाचं लहान घर. तीन-तीनच्या उड्या मारा, चारचं घर. चार-चारच्या मारा, तिघांचं. पाच-पाचच्या मारल्या तर सगळं घड्याळ पालथं घातल्याशिवाय मुक्काम नाही, म्हणजे पाचचं घर निघत नाही. "काहून?" सर गरजायचे. "कारण बाराले पाचनं भाग जात नाही! लहान घराच्या मापानं मोठ्या घराले भाग गेलाच पाह्यजे. याच्यात सरकारचंबी चालत नाही."

हे माप त्यांनी आयुष्याला लावलं होतं. पंगतीत बसण्याआधी ते पंगत मोजायचे, आणि सात किंवा तेरा निघाले तरच निवांत जेवायचे. काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणायच्या, "यायच्या डोक्यात कणीक भिजवली त सारखे गोळे होऊनच बाहेर येईन." काकू बोलायच्या कमी. पण बोलल्या की सरांचे तीन तासांचे लेक्चर एका वाक्यात गुंडाळून ताकात बुडवायच्या.

गल्लीतल्या गणेश मंडळात दर वर्षी फूट पडायची. कार्यकर्ते शेवटी सरांकडे आले. सर म्हणाले, "तेरा जण ठेवा. तेराले कशानंच भाग जात नाही. तेराच्या घरात लहान घर निघूच शकत नाही." मंडळानं चौदाव्या माणसाला हात जोडून बाहेर काढलं आणि तेरा ठेवले. विसर्जनाच्या आत त्या मंडळाची तीन मंडळं झाली: चार, चार आणि पाच. सगळे सरांच्या अंगणात जमा.

"काय सर, तुमचं गणित?"

सर जागचे हलले नाहीत. "माह्या गणिताले काही झालं नाही. तुमचा गटच नोहता. ढीग होता. ढिगाचे कसेबी भाग पडते."

काकू आतून म्हणाल्या, "आता त्या चौदाव्याले परत बलवा. प्रसाद तोच चांगला करते."

असे सर. चुकायचेच नाहीत. म्हणजे चूक त्यांच्या अंगणापर्यंत यायची आणि पत्ता चुकल्यासारखी परत जायची. आम्हालाही ते इतकं सवयीचं झालं होतं, की सर चुकू शकतात हा विचार आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलाच नाही. एकीच्या सोडून.

ती जऊळक्याची. मामाकडे राहायची. आईबाप दर हंगामात वीटभट्टीवर जायचे, दूर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि बारावीनंतर हिला मामाकडे ठेवून जायचं त्यांनी कसंबसं कबूल केलं होतं. गाडीनं यायची, गाडीनं जायची. गाडी पकडायची म्हणून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची. तीन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला असेल तो हजेरीचा.

आता सरांची चूक. तिच्यात हसण्यासारखं काही नाही, आणि ती फक्त आमच्या सरांसारखा प्रामाणिक माणूसच करू शकतो. लहान घराच्या मापानं मोठ्या घराला भाग जातो, हे खरं. सर त्याची उलटी बाजूही शिकवायचे: जिथं भाग जातो, तिथं त्या मापाचं लहान घर असतंच. ते पुस्तक वापरत नसत. त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर होतं, विद्यार्थी असताना स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि तेच वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या रजिस्टरात त्यांनी चारच्या घरापासून अकराच्या घरापर्यंत, जेवढे म्हणून गट असू शकतात तेवढे सगळे एकेक करून तपासले होते. कुठंही नियम मोडला नव्हता. मग बारा आलं. बाराला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन-दोनच्या उड्या, सहाचं घर. झालं. खाली दोन रेघा ओढून त्यांनी लिहिलं: 'असतोच.'

अकरापर्यंत सगळी घरं धुंडाळणारा माणूस बाराव्याला एकाच दारातून परत फिरला. बारा म्हटलं की त्यांना घड्याळच दिसलं, दुसरं काही बाराचं असू शकतं हे सुचलंच नाही.

तर एका सकाळी तास सुरू झाल्यावर ती शेवटच्या बाकावरून उठली आणि सरळ पुढं आली. हातात मातीचा गोळा. लिंबाएवढा. त्याला बाभळीचे चार लांब काटे खोचलेले, असे सारख्या अंतरावर, की कोणताही काटा वर केला तर बाकीचे तीन तिपाईच्या पायांसारखे खाली. प्रत्येक काट्याला वेगळा दोरा: लाल, पिवळा, हिरवा, काळा. आणि खाली मातीचीच बैठक, तिला तीन भोकं.

"सर," ती म्हणाली, "हा गोळा उचलून, फिरवून परत बैठकीत ठेवाचा. बारा रीतीनं ठेवता येते. चार काट्यांतला कोणताबी वर, आन परत्येकाच्या तीन फेऱ्या."

"बरं मंग?"

"हे बी बाराचं घर हाय. याच्यात एकाचं निघते, दोघाचं निघते, तिघाचं निघते, चौघाचं निघते. सहाचं निघत नाही, सर."

सर हसले. रागानं नाही, लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसं. "पोरी, बाराले सहानं भाग जाते का नाही?"

"जाते."

"मंग सहाचं घर असतेच. तुह्या हाताले सापडलं नाही एवढंच. नीट पाह्य."

"पाह्यलं, सर. आठ दिवस झाले पाहून राह्यली. तिघाच्या घरात एकबी नवा घेतला, की बाराच्या बारा आत येतात. सहावर थांबतच नाहीत."

आणि इथं मी बोललो. मला वाटलं वर्ग जरा ताणला गेलाय, मोकळा करू. तोंड माझं, त्याला कधी कोणी आवरलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, गोळा कच्चा हाय. भट्टीत टाका, मंग निघन सहा!"

आठ जण हसलो. सगळ्यांना माहीत होतं तिचे आईबाप कुठं कामाला जातात. सरही हसले. "बराबर हाय," म्हणाले, "माल कच्चा हाय. जा, बस."

ती जागेवर गेली नाही. दप्तर घेतलं आणि गेली. गोळा टेबलावरच राहिला.

तास संपल्यावर तो मी उचलला. कॉलेजसमोर माझ्या थोरल्या भावाचं झेरॉक्सचं दुकान होतं, आता ते माझं आहे. तिथं कागद उडू नयेत म्हणून ठेवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किस्सा ऐकवायला लागलो. दर वेळी थोडं वाढवून. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या किश्शात गोळा टोपलीएवढा झाला होता.

तीन आठवड्यांनी सर प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला दुकानात आले. मशीन अडकलं. मी झाकण उघडून कागद ओढत होतो, सर काउंटरशी उभे. रिकामे हात त्यांना चालायचे नाहीत. त्यांनी गोळा उचलला. बैठकीत ठेवला, फिरवला, परत ठेवला.

"हा त्या पोरीचा ना?"

"हो सर," मी हसून म्हणालो. "सहाचं घर शोधा त्याच्यात."

"आता काढतो. पाच मिनिटाचं काम." वाया गेलेल्या प्रतींचा एक कागद ओढून त्यांनी पेन्सिल घेतली. लाल काटा वर ठेवून बाकीच्यांच्या तीन फेऱ्या: तिघांचं घर झालं. "आता एक अदलाबदल घेऊ. लाल-पिवळ्याची जागा बदल, हिरव्या-काळ्याची बदल. चार. हा आन तो मिसळला तर, पाच. बराबर. हे दोन मिसळले तर, सहा. झालं." मग थांबले. "नाही. हे आन हे मिसळलं तर… सात."

मशीन सुरू झालं, प्रती निघाल्या, गिऱ्हाइकं आली, गेली. सर स्टुलावर बसले. कागद भरला, दुसरा घेतला. पिवळ्यापासून सुरुवात केली. हिरव्यापासून केली. आधी अदलाबदल घेतली, मग फेरी. चारच्या घरापासून निघून पाहिलं. दर वेळी सातवर पोचले की बारापर्यंत थांबायला जागाच मिळेना. दुपारचे दोन वाजले, चार वाजले. त्या माणसाचा आवाज सायकली कलवायचा असं मी वर म्हटलं. त्या दिवशी त्यानं जे म्हटलं ते मला वाकून ऐकावं लागलं.

"नाही निघत रे."

मग ते उठून कॉलेजच्या लायब्ररीत गेले. परत आले तेव्हा हातात एक पुस्तक होतं, पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी कधी काढलेलं नसावं. त्यात हेच लिहिलं होतं. बाराचं हे एक घर आहे, त्यात सहाचा उपगट नाही. एका ओळीत.

"ते पोट्टी कुठं हाय?"

"त्या दिवसापासून येत नाही, सर."

"काहून?"

मी कागद सारखे करत राहिलो.

"आपण हासलो," सर म्हणाले. 'तू' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला गाडीवर मागं बसवलं. गोळा माझ्या डब्यात, कापडात गुंडाळून. आधी जऊळक्याला मामाकडे गेलो. मामा दारात उभा राहून म्हणाला, "ते गेली मायबापासंग भट्टीवर. म्या लय समजावलं. म्हणे, मामा, कॉलेजातलं मले काही येत नाही."

सरांनी भट्टीचा पत्ता घेतला. तिथून पुढं उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही गाडीवर होतो. वाटेत बारा माणसांनी भरलेली जीप दिसली, तरी सरांनी मोजलं नाही.

नदीकाठी भट्टी. तिथं विटा पाडायला तिघं लागतात: एक जण चिखल तुडवतो, एक जण साच्यात भरून वीट पाडतो, एक जण ती उचलून उन्हात लावतो. बाप चिखलात, आई साच्याशी, आणि ती ओल्या विटा उचलून ओळीनं लावत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली. कोपरापर्यंत माती.

सरांनी बूट काढून हातात घेतले. काहून, ते मी आजवर विचारलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "सहाचं घर निघत नाही."

"मले माहीत होतं, सर."

"मंग तवा काहून नाही बोलली?"

"बोलली होती ना, सर. हासणं थांबलं असतं त आयकू आलं असतं."

मी खाली पाहिलं. तिथं माती होती, आणि मातीत तिच्या पावलांचे ठसे, एकामागं एक, विटांच्या ओळीला धरून.

सर म्हणाले, "वापस चाल. परीक्षेचा फारम मी पाह्यतो."

बाप चिखलातून बोलला, "सर, हे तिघाचं काम हाय. ते गेली त दोघाचं होत नाही, कामच बंद पडते."

तिघांच्या घरात लहान घर निघत नाही, हे सरांना कोणी सांगायची गरज नव्हती. मग बूट बाजूला ठेवून त्यांनी पँट वर गुंडाळली. "मंग तिच्या जागी मी."

"सर, गंमत नोका करू."

सरांनी गंमत केली नाही. ते दिवसभर राबले. उचललेली पहिली वीट वाकली. दुसरी मोडली. तिसऱ्यावर त्यांच्या बोटांचे असे ठसे उठले, की तिच्यापुढं बाकीची ओळ अनोळखी वाटायला लागली. नंतर नंतर जमायला लागलं, पण रांग सरळ येईना. आयुष्यभर इतरांना ओळीत उभं करत आलेल्या माणसाच्या विटा नागमोडी निघाल्या. मीही लावल्या. माझ्या विटांबद्दल बोलत नाही.

संध्याकाळी बाप कमरेवर हात देऊन ती रांग पाहत उभा राहिला. आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "घेऊन जा तिले, सर. मामाच्या पोराले बलवतो मी. तुमच्या हातानं आमची भट्टी बसन."

ती हात धुऊन आली. "येतो म्हणते मी. पन एक गोष्ट. तुमी हे इथं येऊन सांगतलं. इथं मले कोणी चूक म्हटलंच नोहतं. जिथं म्हटलं, तिथं सांगा."

सर म्हणाले, "उद्या नाही, परवा. सगळे बलवतो."

आम्ही निघालो तेव्हा मी डब्यातून गोळा काढला, आणि तिच्या बापानं तो मागून घेतला. "कच्चा हाय," तो म्हणाला, "टिकणार नाही. ठेवतो भट्टीत." मला वाटलं जमीन फाटावी. पण त्याला त्या दिवशीचं काहीच ठाऊक नव्हतं. तो खरोखर गोळ्याचं भलं पाहत होता.

तिसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आठ आणि ती. सर आले. हजेरी घेतली. खडू उचलायला गेले आणि तो खाली पडला. दोन्ही तळहातांना फोड आले होते, बोटं मिटत नव्हती. त्यांनी हात वर करून आम्हाला दाखवले.

"माह्यानं लिहिणं होत नाही," ते तिला म्हणाले. "तू लिही."

आणि सर चालत गेले, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, तिच्या जागी जाऊन बसले.

तिनं फळ्यावर चार काटे काढले, बारा रीती मांडल्या, तिघांचं घर घेतलं, त्यात एक अदलाबदल मिसळली. पाच, सहा, सात. आवाज बारीक होता, पण कोणी हललं नाही, म्हणून सगळा ऐकू आला. संपल्यावर ती बाजूला झाली.

सर बाकावरून उठून बोलले, फळ्याजवळ गेले नाहीत. "मी चूक शिकवलं. तुमालेच नाही, आधीच्यायलेबी. ही पोरगी बराबर होती आन मी हासलो." मग माझ्याकडे वळले. "आन तू? तुले काही म्हणाचं हाय?"

मी उभा राहिलो. बोलून बोलून मी अख्खं गाव डोक्यावर घेतलेलं आहे. त्या वेळी तोंडातून एकच शब्द निघाला. "चुकलं."

ती म्हणाली, "बस."

ती पास झाली, पुढं शिकली, आता वाशीममधल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. सरांनी रजिस्टर टाकलं नाही. 'असतोच' हा शब्द खोडून, शेजारी तिचं नाव लिहून ठेवलं. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी हा धडा आला की ते आधी तो गोळा काढायचे. भट्टीतून तो लालभडक, पक्का होऊन आला होता. काटे जळून गेले होते, पण भोकं होती. सरांनी त्यात नवे काटे बसवले, नवे दोरे बांधले. आणि म्हणायचे, "भाग जाते म्हंजे दार उघडं हाय, एवढंच. आत कोणी राह्यतेच असं नाही. जाऊन पाहा लागते." "किती जण?" विचारणं सुटलं नाही, पण उत्तर ऐकून लगेच बोलायचं सोडलं. आधी त्या माणसांकडे पाहायचे.

दोन वर्षांपासून सर विसरायला लागले आहेत.

आधी गाडीची किल्ली विसरायचे. मग गावातली माणसं. मला ते कधी मंडळाचा चौदावा समजतात, कधी काकूंचा भाऊ. काकू त्यांना भरवतात, अंगणात खुर्चीवर बसवतात. एका सकाळी काकूंचा मला फोन आला. "लवकर ये. यायनं तो गोळा धरला हाय. सहा सापडत नाही म्हणून रडून राह्यले."

मी पोचलो तेव्हा सर गोळा फिरवत होते. "बाराले सहानं भाग जाते," ते म्हणत होते, "असलंच पाह्यजे. असतेच." रजिस्टरात खोडलेला शब्द त्यांच्या डोक्यात मात्र परत उगवला होता, आणि त्याच्या पुढचं सगळं पुसलं गेलं होतं. वर्ग, भट्टी, फोड. सगळं.

ती, आता मॅडम झालेली, मी फोन केला म्हणून माझ्या मागोमाग आली. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "सांगून टाकू का, सापडलं म्हणून? शांत होतील बिचारे." खोटं सांगण्यात माझा हात कोण धरणार? आणि या वेळी तर ते पुण्याचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सरले खोटं नाही सांगाचं."

ती त्यांच्यासमोर अंगणाच्या पायरीवर बसली. "सर, पाहू आपण. लाल काटा वर ठेवा." सरांनी ठेवला. "आता तीन फेऱ्या." सरांची बोटं आपोआप चालायला लागली. बोटांना आठवत होतं. तिनं एकही उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारत गेली. अदलाबदल घेतली. पाच. सहा. सर थांबले, फिरवला, आणि हळूच म्हणाले, "सात." मग आठ, नऊ. बारा झाल्यावर त्यांनी गोळा मांडीवर ठेवला. रडणं थांबलं होतं.

"नाही निघत," ते म्हणाले.

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मग तिला, तिच्याच तोंडाकडे पाहत, म्हणाले, "जऊळक्याची एक पोट्टी होती. तिनं मले सांगतलं होतं. आमी हासलो तिले. कोणीतरी सांगा तिले, का ते बराबर होती."

काकूंनी तोंड फिरवलं.

"सांगते, सर," ती म्हणाली.

आता दर रविवारी ती येते. सर दर रविवारी तिला ओळखत नाहीत, दर रविवारी सहा शोधतात, आणि दर रविवारी त्या पोरीला निरोप पाठवतात. मी फाटकाशी उभा असतो. मी हे वाढवून सांगत नाही.

मागच्या रविवारी गोळा मांडीवर ठेवून सर नेहमीचं बोलले. तिलाही काय वाटलं कोण जाणे. या वेळी 'सांगते' न म्हणता ती म्हणाली, "सांगतलं, सर, तिले."

सर सावरून बसले. "हाव? काय म्हणे?"

"म्हणे, मले माहीत होतं."

सर हसले. खूप दिवसांनी, तोच जुना, सायकली कलवणारा आवाज थोडासा आत वाजला. "माहीतच असन तिले! हुशार हाय ते. उगीच शेवटच्या बाकावर बसते. तिले म्हणा, सर म्हणे, पुढं येऊन बस."

ती खालच्या पायरीवर बसली होती. उठली, आणि एक पायरी वर येऊन, सरांच्या खुर्चीला लागून बसली.